हक्काची रजा आणि भंडारदऱ्याची एक रात्र

आमच्या वस्तीत ‘मुक्कामाचे शिबिर’ म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘वक्ते कोण?’ गेल्या जानेवारीत सातपूरची आम्ही तीन घरे मिळून शनिवारी भंडारदऱ्याला मुक्कामाला निघणार, ही गोष्ट विहारात बोलता बोलता निघाली, तेव्हाही तेच झाले. आमच्या वस्तीतले एक वयोवृद्ध कार्यकर्ते आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी खिशातली वही काढली आणि विचारले, ‘विषय काय ठेवला?’ विषय नाही, वक्ता नाही, ठराव नाही, अध्यक्षीय भाषण नाही. तळ्याकाठी तंबू ठोकायचे, बायकामुलांबरोबर एक रात्र काढायची आणि परत यायचे, असे सांगितल्यावर दादा घटकाभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले.

‘आणि मग?’ त्यांनी विचारले.

‘मग काही नाही, दादा.’

‘अरे, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. आणि तुम्ही सहली काढता?’

दादांचा राग आम्हाला कळतो. त्यांच्या पिढीने रविवारची सुट्टी कधी स्वतःसाठी वापरली नाही. मोर्चा, सभा, वर्गणी, वधूवर मेळावा, कुणाच्या पोराचा शाळेतला दाखला, यातच त्यांचे रविवार गेले. आज आम्ही ज्या पक्क्या घरात राहतो ती त्या रविवारांची कमाई आहे. म्हणून त्यांच्याशी वाद घालायला जीभ रेटत नाही. पण त्या दिवशी आमच्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट होती, ती पुढे येईलच. आधी ही सहल निघाली कशी ते सांगितले पाहिजे.

आम्ही अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षे मशीनवर आहोत. आठवड्याला पाळी बदलते. साप्ताहिक सुट्टी कागदोपत्री रविवारची. पण माल निघायचा असला की रविवारी ओटी असते, आणि ओटीला नाही म्हणणारा माणूस आमच्या खात्यात आम्ही तरी पाहिलेला नाही. थोरलीच्या कॉलेजची फी ओटीतून जाते, घराचा वरचा पत्रा ओटीतून पडला. मुलांची आई घरी शिलाई करते. लग्नसराईत तिची मशीन रात्री बारापर्यंत चालते. तक्रार करण्यासारखे यात काही आहे असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

दिवाळीच्या आधी धाकट्याची निबंधाची वही हाती आली. तो चौथीत आहे. विषय होता ‘माझे बाबा’. त्याने लिहिले होते : माझे बाबा कंपनीत जातात. घरी आले की ते झोपतात. ते झोपले की आम्ही मोठ्याने बोलत नाही. माझे बाबा मला आवडतात. बाईंनी खाली बरोबरची खूण करून दहापैकी सात गुण दिले होते.

त्या वहीत चूक एकही नव्हती. एका खोलीच्या आणि मोरीच्या घरात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठ वाजता आडवा होतो तेव्हा घरातल्या सगळ्यांचा आवाज बंद होतो. भांडे पडले तर आई पोरांवर डोळे वटारते. टीव्ही बंद, मशीन बंद. आमच्या वस्तीतल्या निम्म्याहून अधिक घरांत हेच चालते आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरीही चालत असेल. मुलाला बाप माहीत आहे तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

रजेच्या हिशेबाची वही तेव्हा आम्ही काढली. वर्षाला हक्काच्या पगारी रजा किती मिळाल्या आणि कुठे गेल्या याचा ताळा मांडला. 6 डिसेंबरला चैत्यभूमी दोन दिवस. 14 एप्रिल. 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. भावकीतली चार लग्ने, दोन मयती, एक पाचवा दिवस. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन. उरलेल्या रजा विकून पैसे घेतले. एक दिवस असा सापडला नाही की जो चौघांनी एकत्र, काही काम नसताना घालवला. चैत्यभूमीला जाणे हे आमचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण ते वंदन आहे, विसावा नव्हे. तिथे रांगेत उभ्या असलेल्या पोराला बाप काय बोलणार?

बाबासाहेबांनी मिळवून दिलेली सुट्टी

‘अठरा तास’ ऐकल्यावर दादांना आम्ही 1934 सालची गोष्ट सांगितली. ती बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 मध्ये ती पुस्तिकेच्या रूपाने छापली. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांना वाटले की बाबासाहेबांबरोबर प्रेक्षणीय स्थळे पाहायला जावे. बाबासाहेबांनी होकार दिला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. आणि ही सहल निघाली कुठून? नाशकातून! बाबासाहेबांनी नाशिकला यायचे, मंडळींनी तिथे त्यांना मिळायचे, आणि मग तेव्हाच्या निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादकडे जायचे, असा बेत होता. तीसेक माणसे होती. ज्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच नाशकातून चार वर्षांनी बाबासाहेब मित्रमंडळींना घेऊन लेणी आणि किल्ला पाहायला निघाले होते. त्यांना कामे कमी होती असे कोण म्हणेल?

पुढचे दुःखद आहे. वाटेत त्रास नको म्हणून ही मंडळी आपली ओळख न देता प्रवास करीत होती. दौलताबादला मात्र आपल्या लोकांना आगाऊ कळविलेले होते. ते वेशीवर चहा-फराळ घेऊन थांबले होते. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहायचा म्हणून मंडळी आधी किल्ल्याकडे गेली. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौदासारखा लहान तलाव होता. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेले. काहींनी तिथे हातपाय, तोंड धुतले. एवढ्यावरून तलाव बाटविला म्हणून ओरडा झाला, जमाव जमला, शिव्यागाळी झाली. शेवटी आत सोडले ते एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये यावर लक्ष ठेवायला तो शिपाई!

दादांना ही हकीगत ठाऊक होती. ‘पण ती सहल होती हे आमच्या लक्षात राहिलं नाही,’ ते म्हणाले. आमच्याही राहिले नव्हते. आपल्याला तलाव लक्षात राहतो, शिपाई लक्षात राहतो. राबणारी माणसे चार दिवस काम बाजूला ठेवून, मित्रांबरोबर, पाहण्याच्या आनंदासाठी निघाली होती ही गोष्ट मागे पडते.

आणि सुट्टीचेच म्हणाल तर ती कुणा मालकाच्या दयेने मिळालेली नाही. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमवले आणि 10 जून 1890 ला मालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. पगारी रजेचा इतिहास त्याहून आपल्या जवळचा. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. 1945 साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला वर्षात सलग दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळू लागली. ‘सलग’ हा शब्द पाहावा. एक-एक दिवस तोडून मयतीला नव्हे, दहा दिवस एकत्र. पुढच्याच वर्षी बारमाही चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याचे 54 तास 48 वर आणि दिवसाचे 10 तास 9 वर आले. 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात 240 ऐवजी 180 दिवसांची अट आहे. कायम नसलेल्या पोरांनी हे नीट वाचून घ्यावे. आपली हजेरी, पगाराची पावती, गेटपास, सगळे जपून ठेवावे. दिवस भरत आले की ‘ब्रेक’ देऊन नाव कमी करायचे आणि पुन्हा घ्यायचे, हा ठेकेदारांचा जुना डाव आहे. कागद जवळ असला तर निदान तोंड उघडता येते.

‘पैसं भरून पालात निजायचं?’

खरी अडचण दादांची नव्हती. ती घरातच होती.

आमची आई सत्तरीच्या पुढची आहे. तंबू हा शब्द तिने ऐकला आणि हातातली सुपारी खाली ठेवली. ‘म्हंजे पालच ना रे? पाल सोडता सोडता निम्मा जनम गेला माझा. आन् आता तुम्ही पैसं भरून पालात निजायला चालले?’

याला उत्तर काय द्यायचे? 1972 च्या दुष्काळात ती सासरच्या माणसांबरोबर खडी फोडायला गेली होती. रस्त्याच्या कामावर जिथे काम तिथे पाल. चार काठ्या, वर गोणपाट. रोजगार हातात पडेपर्यंत सुकडी आणि लाल मिलोची भाकरी. आमचा जन्म त्यानंतरचा, पण उघड्यावर निजण्याची लाज तिच्या अंगात इतकी भिनलेली की घर झाल्यावरही उन्हाळ्यात ती कधी गच्चीवर झोपली नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी पालात रात्र काढली नाही, त्यांना तंबू म्हणजे मौज वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी माणूस असा आहे की ज्याला पाल म्हणजे काय ते माहीत आहे. म्हणून आपल्या माणसांना सहलीला चला म्हणताना हे ध्यानात ठेवावे लागते. आम्ही आईला समजावायला गेलो नाही. ‘तू ये, नाही आवडलं तर गाडीत झोप,’ एवढेच म्हणालो.

मुलांच्या आईची अट निराळी होती. ‘मुक्काम म्हणजे मला इथल्या चुलीवरून तिथल्या चुलीवर नेणं असेल तर मी घरीच बरी. इथं निदान गॅस आहे.’ बायकांना कोणत्या कायद्याने रविवार दिला आहे? लोखंड्यांनी गिरणीचे भोंगे थांबवले, घरातले कोण थांबवणार? तिन्ही घरच्या बायकांनी विहारात बसून ठरवले की मुक्कामाला त्या भाकरी थापणार नाहीत, भांडी घासणार नाहीत. पुरुषांनी मान डोलावली. मान डोलावणे सोपे असते, ते पुढे कळले.

आणखी एक अट सगळ्यांची मिळून : दारू नाही, आणि ते मोठे स्पीकरही नाहीत.

घोटीच्या पुढे

तीन घरांची मिळून तेरा माणसे. एक क्रूझर ठरवली. तंबू चार, भाड्याचे. ताडपत्री, चादरी, घोंगड्या, पाण्याचे जार, दोन पातेली, पीठ-तांदूळ-डाळ, कांदे-बटाटे, लसणाची चटणी, बॅटऱ्या, औषधाची पेटी. मजा म्हणजे हे बांधाबांध करायला आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. शिवाजी पार्कात, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंडपात आणि फुटपाथवर मुक्काम करून आपल्या बायकांचे हात या कामाला असे बसलेले आहेत की अर्ध्या तासात गाठोडी तयार.

तिसऱ्या घरचा तरुण मात्र बरोबर नव्हता. तो ठेकेदाराकडे कामाला आहे. शनिवारची रात्रपाळी टळली नाही. बायको आणि दोन मुली पुढे पाठवल्या, ‘रविवारी सकाळी सुटलो की येतो,’ म्हणाला.

शनिवारी दुपारी निघालो. नाशिकपासून भंडारदरा सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. महामार्गाने घोटी, तिथून डावीकडे वळून बारीमार्गे शेंडी. घोटीला चहाला थांबलो आणि फोन वाजला. सुपरवायझरचा. उद्या डिस्पॅच आहे, दोन माणसे कमी आहेत, सकाळी येऊन जा. बावीस वर्षांत या फोनला आमच्या तोंडून एकच उत्तर गेले आहे. त्या दिवशी शब्द फुटेना. धाकटा भज्याची पुडी हातात धरून आमच्याकडे पाहत होता. त्याला कळले होते फोन कुणाचा ते. ‘साहेब, गावाबाहेर आहे,’ आम्ही म्हणालो. ‘कुठे?’ ‘घरच्यांना घेऊन आलोय.’ पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. एवढेच. जगबुडी झाली नाही. बारीच्या पुढे डोंगरात रेंजच गेली आणि मोबाईलचा प्रश्न आपोआप मिटला. आमच्यातले काही जण इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आलेले आहेत. तिथे मोबाईल जमाच करून घेतात, पण तिथे घरच्यांशी बोलायचे नसते. आम्हाला तर बोलायचेच होते.

बारीला कळसूबाई उजेडात पाहिली. 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, आणि आपल्या नाशिकच्या इतके जवळ असून आमच्या मुलांनी ते फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिले होते. भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर. 1910 साली काम सुरू होऊन 1926 साली पुरे झाले. तळ्याकाठच्या वाड्यांत महादेव कोळी आणि ठाकर आदिवासी राहतात. जानेवारीत भाताची खाचरे मोकळी पडलेली असतात. अशाच एका खाचरात, मालकाला विचारून, पैसे ठरवून आम्ही तंबू टाकले. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा वाटेल तिथे जंगलात जाऊन राहता येत नाही. गावातल्या माणसाच्या जागेत, त्याच्या परवानगीने राहावे हे बरे. जागा ठरवताना आम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. बायकांना संडास कुठे, आणि प्यायचे पाणी कुठले. घरमालकिणीने स्वतःचा संडास दाखवला, बाहेर दिवा आहे हेही सांगितले. मगच गाडीतून सामान उतरवले.

तंबू ठोकायला दीड तास लागला. आमच्यातला एक जण फिटर, एक वेल्डर, आम्ही मशीनवाले. पण तंबूच्या काठ्या एकमेकांत जाईनात. शेवटी आईच उठली. ‘वारा तिकडून येतोय आन् तोंड बी तिकडंच करताय व्हय? फिरवा.’ मेखा तिरप्या ठोका, दोरी सैल ठेवू नका, भोवती चर काढा म्हणजे दहिवराचं पाणी आत येणार नाही, असे एकेक सांगत तिने चारही तंबू उभे करवून घेतले. घरमालकीण शेजारी येऊन उभी राहिली होती. दोघींचे काय बोलणे झाले कोण जाणे, जाताना ती आईला ओळखीच्या माणसासारखी हात धरून घरात चहाला घेऊन गेली.

स्वयंपाकाचे सांगायलाच नको. पुरुषांनी तीन दगडांच्या चुलीवर खिचडी लावली. खालून करपली, वरून कच्ची. बायका घोंगडीवर पाय पसरून बसल्या होत्या. एकदाही कुणी ‘द्या इकडे’ म्हटले नाही. आमच्या थोरलीने आईचा असा बसलेला फोटो काढला. मुलांची आई फोटो पाहून म्हणाली, ‘माझा बसलेला फोटो आजवर एकही नव्हता.’ लग्नातला होता की, असे आम्ही म्हणालो. ‘तो धरून बसवलेला.’

रात्री थंडी जबर पडली. शेकोटीपाशी तेराही माणसे. वीज नसल्यामुळे आकाश इतके खाली आलेले की धाकटा गप्पच झाला. आईने त्याला ‘बाजलं’ दाखवले. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय, मागचे तीन तारे म्हणजे बाज पळवायला आलेले तीन चोर. शाळेत त्याला हेच सप्तर्षी म्हणून शिकवले होते. ‘आजी, तुला कुणी शिकवलं?’ त्याने विचारले.

आणि मग आई बोलू लागली. खडीच्या कामावर रात्री पालात ती सासूजवळ निजायची. थंडीत झोप लागायची नाही, गोणपाटाच्या भोकातून हे बाजले दिसायचे, ते डोक्यावर आले की उठायची वेळ झाली असे सासू सांगायची. तिथेच तिचे पहिले मूल गेले. आमच्या आधी एक मुलगी होती, सहा महिन्यांची, हे आम्हाला पन्नाशीला टेकल्यावर त्या रात्री कळले. पुरायला जागा नव्हती, रस्त्याच्या कडेला पुरली. तो रस्ता पुढे डांबरी झाला. एसटीने जाताना ती एका वळणावर नेहमी डोळे मिटून घेते, हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. आम्हाला वाटायचे तिला गाडी लागते.

कुणी काही बोलले नाही. थोरलीने आजीच्या अंगावर आपली घोंगडी टाकली. आईने चारदोन काटक्या शेकोटीत सारल्या, म्हणाली, ‘घरात हे सांगायला टाइम कुठं असतो?’ ती गाडीत झोपायला गेली नाही. तंबूत, दोन नातवंडांच्या मध्ये झोपली.

रविवारी सकाळी साडेदहाला तो तरुण आला. रात्रपाळी करून, घोटीपर्यंत एसटी आणि पुढे जीप. आल्या आल्या आंब्याखाली चटई टाकून आडवा झाला. त्याच्या दोन मुली चार पावलांवर लगोरी खेळत होत्या, ओरडत होत्या, भांडत होत्या. आम्ही सवयीने त्यांना ‘श्श’ करायला गेलो तर त्याची बायको म्हणाली, ‘राहू द्या भाऊ. घरी वर्षभर गप्प असतात. इथं त्याला ऐकू येतंय कुठं!’ खरेच, तो घोरत होता. दुपारी उठला तेव्हा मुलींनी त्याच्या अंगावर सुकलेल्या पानांचा ढीग रचलेला होता.

पाण्याबद्दल एक सांगायला हवे. तळे दिसायला शांत, पण काठ एकदम खोल जातो आणि तळाला गाळ असतो. पोहता येते म्हणून उडी मारणारी जवान पोरे धरणात बुडतात, हे आपण दर वर्षी वाचतो. आम्ही मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिले नाही आणि दोन मोठी माणसे कायम काठावर उभी ठेवली. गुडघाभर पाण्यात त्यांनी जो धुमाकूळ घातला तो दोन तास चालला. तोंड धुतले, एकमेकांवर उडवले, ओंजळी भरून डोक्यावर घेतल्या. आमच्या मनात दौलताबादचा तो हौद होता. धाकट्याला सांगावे का असे एकदा वाटले. पण तो पाण्यात होता, हसत होता. घरी गेल्यावर सांगू म्हटले, आणि मग सांगितलेही.

निघताना खाचर झाडून घेतले. प्लास्टिक पोत्यात भरून परत आणले. बरीच मंडळी बाटल्या आणि पत्रावळ्या तशाच टाकून जातात, आणि दुसऱ्या दिवशी घरमालकीण टोपली घेऊन ते वेचते. कुणाची तरी घाण उपसायची म्हणजे काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको.

खर्च माणशी सव्वासहाशे रुपये आला, गाडीभाडे आणि जागेचे पैसे धरून. आमची रविवारची ओटी बुडाली ती वेगळी. त्या तरुणाला रविवारी दुपारपाळीला या म्हणून ठेकेदाराचे फोन येत होते, रेंज नसल्याने ते लागले नाहीत. सोमवारी त्याला गेटवर दोन तास बसवून ठेवले, मग आत घेतले. एवढ्यावर भागले, नाही भागले असते तर काय, हा प्रश्न आमच्या मनात आहे. आमच्यासारख्या कायम माणसाने रजा टाकणे आणि त्याने फोन न उचलणे यात फार अंतर आहे. युनियनच्या पुढच्या बैठकीत कंत्राटी पोरांच्या साप्ताहिक सुट्टीचा विषय आम्ही मांडला आहे. दोघांनी पाठिंबा दिला, बाकीचे घड्याळाकडे पाहत होते.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, भंडारदऱ्याच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे चमकतात. तेव्हा गर्दी फार असते आणि बॅटरी, मोबाईलचा उजेड मारल्याने काजव्यांना त्रास होतो. म्हणून शनिवार-रविवार टाळून आड दिवशी, एक हक्काची रजा टाकून जायचे ठरते आहे. आईने आपले नाव सर्वांत आधी सांगितले. दादाही येतो म्हणाले आहेत. वही आणू नका असे आम्ही त्यांना बजावले आहे. ते म्हणाले, वही आणणार, पण नावे लिहायला.